शरीराचीही परीक्षा घेणारे स्वामी कुवलयानंद



सहामाहीची प्रगतिपुस्तके सहीसाठी आमच्या टेबलावर येतात, तेव्हा गेली कित्येक वर्षे आम्ही एक रकाना न वाचताच पुढे जात होतो. गणितात कोणाला ३८ गुण तर कोणाला ९१, विज्ञानात चढउतार, तेलुगूत तर विचारूच नका! परंतु शारीरिक शिक्षणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सर्वांना एकच श्रेणी असे. जो मुलगा मैदानावर कधी उतरलाच नाही त्यालाही तीच, आणि जी मुलगी धावण्यात पहिली आली तिलाही तीच. म्हणजे ज्या विषयात आम्ही सर्वांना उत्तीर्ण करत होतो, त्या विषयाची परीक्षा आम्ही घेतच नव्हतो.

मागच्या पालकसभेत दोन-तीन मातांनी सांगितले की मुले शाळेतून घरी आली की पाठ दुखते म्हणून आडवी होतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी पाठदुखी! सभेत सर्वांनी दप्तराच्या ओझ्याला दोष दिला, काहींनी मोबाईलला दिला. दोन्ही गोष्टी विचार करण्यासारख्या आहेतच. पण सभा संपल्यावर आमच्या मनात प्रश्न उरला, की जी पाठ हे ओझे उचलते तिच्यात किती बळ आहे, हे आपण कधी पाहिले आहे काय?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला एका मराठी माणसाचे चरित्र पुन्हा वाचावेसे वाटले. ते योगी होते, संशोधक होते, आणि त्याआधी आमच्यासारखेच शिक्षक होते. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद हे ते थोर पुरुष होत.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी, त्या वेळच्या बडोदा संस्थानातील डभोई येथे. आपण हैदराबादचे मराठी लोक जसे तेलुगू आणि दख्खनीच्या शेजारात वाढलो, तसे ते मराठी घरात, पण गुजराती शेजारात वाढले. घरची स्थिती गरिबीची होती. तरीही १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली आणि त्या आधारावर बडोदा कॉलेजात प्रवेश घेतला. त्या काळी त्या कॉलेजात अरविंद घोष अध्यापक होते, आणि देशभर लोकमान्य टिळकांच्या विचारांचे वारे वाहत होते. तरुण जगन्नाथने आपले आयुष्य देशकार्याला द्यायचे ठरवले आणि ते आजन्म अविवाहित राहिले.

केवळ विचारांनी देश उभा राहत नाही, त्यासाठी धडधाकट माणसे लागतात, हे त्यांना लवकरच उमगले. १९०७ ते १९१० या काळात त्यांनी बडोद्याच्या प्रसिद्ध जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद आणि माणिकराव हे त्यांचे हिंदू शिष्य. गुरूच्या नावाची तालीम शिष्याने नावारूपाला आणली. आपल्या हैदराबादच्या मातीला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

शिक्षण संपल्यावर गुणे खानदेशातील अमळनेरला गेले, आणि १९१६ मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. याच अमळनेरात पुढे १९२४ पासून साने गुरुजींनी शिक्षकाचे काम केले. राष्ट्रीय बाण्याच्या संस्थेला सरकारची मर्जी लाभणे शक्यच नव्हते. १९२० च्या सुमारास ते महाविद्यालय बंद पडले. ज्या संस्थेत माणसाने तारुण्य ओतले ती डोळ्यांदेखत बंद होणे म्हणजे काय, हे शाळा चालवणाऱ्यांनाच कळेल. पण गुणे खचले नाहीत. मनात असलेल्या दुसऱ्या कामाकडे ते आता पूर्णपणे वळले.

ते काम म्हणजे योग. नर्मदेच्या काठी मालसर येथे परमहंस माधवदास नावाचे वयोवृद्ध बंगाली योगी राहत असत. १९१९ च्या सुमारास गुणे त्यांचे शिष्य झाले. त्यांच्याजवळ अनेक क्रिया शिकताना त्यांच्या मनात शिक्षकाला शोभेल असा प्रश्न उभा राहिला. या क्रियांचे इतके गुण सांगतात, पण शरीराच्या आत नेमके घडते तरी काय? परंपरा सांगते म्हणून खरे मानावे, की पाश्चात्त्य विद्या मानत नाही म्हणून खोटे मानावे? त्यांनी दोन्ही मार्ग बाजूला ठेवले आणि तिसरा धरला. तो म्हणजे तपासून पाहण्याचा.

१९२०-२१ मध्ये बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी क्ष-किरण यंत्रासमोर उड्डियान आणि नौली या क्रियांची तपासणी केली. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर सोडून पोट आत, बरगड्यांखाली ओढले जाते. नौलीत पोटाचे उभे स्नायू दोराच्या पिळासारखे मध्यभागी वेगळे उठून दिसतात. बघणाऱ्याला हा चमत्कार वाटतो. गुणे यांना मात्र आत आतड्यांची जागा कशी बदलते, पोटातील दाब किती उतरतो, हे पाहायचे होते. जुने योगी नौलीच्या साहाय्याने मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेत असत. ते पाणी वर चढते कसे? दाब मोजणारे उपकरण लावून पाहिल्यावर असे दिसले, की नौलीच्या वेळी आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि म्हणून पाणी आपोआप आत खेचले जाते. विज्ञानाच्या तासाला पिचकारीत पाणी जसे चढते तेच हे. या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. जुन्या विद्येला मोजपट्टी लावली आणि जे हाती आले ते पुन्हा गुरूच्या चरणी ठेवले, असा हा शिष्य होता.

१९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली. स्वामी कुवलयानंद या नावाने ते आता ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू झाले. त्यात एका भागात शास्त्रीय प्रयोगांची माहिती आणि दुसऱ्या भागात सामान्य माणसाला उमगेल असे योगाचे विवेचन असे. सर्वांगासनात आणि मत्स्यासनात रक्तदाब किती वाढतो, हे त्यांनी मोजून छापले. महात्मा गांधींनीही १९२७ मध्ये आपल्या प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला होता.

त्यांची एक गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो असे तेव्हा सगळे सांगत, आजही सांगतात. स्वामीजींनी मोजून पाहिले आणि मिनिटाला घेतला जाणारा प्राणवायू साध्या श्वसनापेक्षा जास्त होत नाही, असे दिसून आल्यावर तेही मांडले. प्राणायामाची किंमत दुसरीकडे आहे, असे त्यांचे मत होते. ज्या विद्येसाठी आयुष्य वाहिले, तिच्याविषयीची एक गोड समजूत स्वतःच खोडून काढायला मोठे धैर्य लागते. परीक्षा प्रामाणिक असेल तर तिचा निकाल आपल्या मनासारखा लागेलच असे नाही. आम्ही मास्तर लोकांनीही हे शिकण्यासारखे आहे.

आता पाठीकडे वळू. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आसनांवरील पुस्तकात स्वामीजींनी पाठीच्या कण्याला फार वरचे स्थान दिले. कण्याला पुढे, मागे, दोन्ही बाजूंना वाकता आले पाहिजे आणि दोन्हीकडे पीळ घेता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. भुजंगासन, शलभासन आणि धनुरासन ही पाठीच्या स्नायूंसाठी, पश्चिमोत्तानासन पुढे वाकण्यासाठी, तर अर्धमत्स्येंद्रासन पिळासाठी. ज्यांना अर्धमत्स्येंद्रासन जमत नाही त्यांच्यासाठी वक्रासन हा सोपा प्रकार त्यांच्या संस्थेने प्रचारात आणला. पोटाचे स्नायूही बळकट आणि लवचिक असावेत, यावर त्यांचा तितकाच भर होता. त्यांनी पथ्येही स्पष्ट लिहिली. कान वाहत असेल, हृदय दुबळे असेल, तर अमुक आसन करू नये, कालावधी हळूहळू वाढवावा, शरीराला झटका देऊ नये. जो मोजतो तो मर्यादाही सांगतो.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे कण्याला रीढ़ म्हणतात. हिंदी असो की मराठी, दोन्ही भाषांनी कणा हा शब्द स्वभावालाही लावला आहे. जो दबावापुढे वाकतो त्याला कणा नाही, असे दोन्हीकडे म्हणतात. पण शरीराचे शास्त्र आणखी एक गोष्ट सांगते, की नुसता कणा उभा राहूच शकत नाही. गणेशोत्सवात आपल्या मैदानात मांडव घालतात ते आठवा. मधला खांब कितीही मजबूत असला तरी चारी बाजूंचे दोर ताणलेले नसतील तर तो कलंडतो. आपल्या पाठीचा कणा म्हणजे मणके एकावर एक रचलेला खांब. पोटाचे, पाठीचे, कुशीचे आणि कमरेचे स्नायू हे त्याचे दोर. हे दोर एकदाच जोरात ओढून चालत नाही, ते दिवसभर थोडे थोडे ताणलेले राहावे लागतात. म्हणून पाठीच्या बाबतीत ताकदीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, टिकाव महत्त्वाचा. दोर थकले की सारा भार मणक्यांवर, त्यांमधील चकत्यांवर आणि सांध्यांवर येतो, आणि आपण बाकावर पुढे कलंडून बसू लागतो.

हीच गोष्ट साता समुद्रापलीकडे न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात दुसऱ्या वाटेने पुढे आली. ऑस्ट्रियातून आलेले डॉक्टर हान्स क्राउस आणि त्यांच्या सहकारी सोन्या वेबर यांनी १९४० च्या दशकात पाठदुखीचे पुष्कळ रुग्ण तपासले. त्यांपैकी बहुतेकांच्या हाडांत काही बिघाड सापडत नव्हता, पण पोट, पाठ आणि कंबर यांच्या अगदी साध्या सहा चाचण्या त्यांना जमत नव्हत्या. गुडघे सरळ ठेवून आणि गुडघे दुमडून उठून बसणे, उताणे झोपून पाय सरळ वर उचलून १० सेकंद धरणे, पालथे झोपून छाती उचलून १० सेकंद धरणे, तसेच पाय उचलून १० सेकंद धरणे, आणि गुडघे न वाकवता बोटे जमिनीला लावणे, एवढ्याच त्या चाचण्या. पुढे त्या शाळकरी मुलांवर घेतल्या गेल्या. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात अमेरिकेतील निम्म्याहून अधिक मुले किमान एका चाचणीत नापास झालेली होती, तर ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंडमधील दहातील एकही पुरते नव्हते. ज्या देशात घरोघरी मोटारी आणि दूरदर्शन संच होते त्याच देशाची मुले मागे पडली! १९५५ मध्ये ही गोष्ट अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यापर्यंत पोचली आणि पुढच्याच वर्षी तेथे युवकांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, त्या सहा चाचण्या पुन्हा वाचा. पालथे झोपून छाती उचलणे हे आपल्या भुजंगासनाजवळचे. पाय उचलणे हे शलभासनाजवळचे. उताणे झोपून पाय उचलणे हे उत्तानपादासन, आणि बोटे जमिनीला लावणे हे पादहस्तासनाजवळचे. लोणावळ्याचे स्वामी आणि न्यूयॉर्कचे डॉक्टर वेगवेगळ्या गावांहून निघून एकाच पारावर येऊन बसले, असे आम्हाला वाटते. एकाने त्याला व्यायाम म्हटले, दुसऱ्याने परीक्षा.

स्वामीजी हे सर्व आश्रमापुरते ठेवून समाधानी राहिले असते तर आम्ही त्यांच्याविषयी शाळेच्या पत्रिकेत लिहिले नसते. १९३६ मध्ये त्यांनी यौगिक संघ व्यायाम हे पुस्तक तयार केले. एका वर्गातील सगळ्या मुलांना एकाच वेळी आज्ञा देऊन आसने कशी करवून घ्यावीत, हे त्यात होते. म्हणजे योग गुहेतून वर्गात आला. १९३७ मध्ये मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले, आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आज ज्या तासाला आपण पीटी म्हणतो, त्याला शाळेच्या वेळापत्रकात मानाचे पान मिळावे म्हणून झटलेल्यांत स्वामीजींचे नाव पहिल्या रांगेत आहे.

पुढे १९५० च्या सुमारास लोणावळ्याला योगाचे महाविद्यालय सुरू झाले. परदेशांतील शास्त्रज्ञही आपली यंत्रे घेऊन तेथे प्रयोगांसाठी आले. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षात, स्वामीजींचे देहावसान झाले. त्यांच्या संस्थेने २०२४ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. त्यांच्या पश्चातही तेथील अभ्यासकांनी विद्यार्थ्यांची शारीरिक क्षमता आणि आसनांचा तिच्यावर होणारा परिणाम यांच्या चाचण्या चालू ठेवल्या.

चरित्र येथे संपले. परंतु चरित्र वाचून नमस्कार करून पुढे जायचे असेल तर त्यासाठी फोटोला हार पुरेसा होता. जामबागच्या फुलबाजारात हारांना काय कमी!

म्हणून आता आमची चूक सांगतो. गेली अनेक वर्षे दिवाळीनंतर दहावीचे पीटीचे तास आम्ही गणित आणि विज्ञानाला देत आलो. कोणी पालकाने तक्रार केली नाही, उलट आभारच मानले. नववीचेही अधूनमधून गेले. ज्या वयात कणा वाढत असतो आणि ज्या वर्षी मुले सर्वांत जास्त तास बसून असतात, नेमका त्याच वर्षी आम्ही त्यांच्या पाठीचा तास काढून घेतला. हे कोणा दुसऱ्याने केले नाही. वेळापत्रकावर सही आमची होती.

या वर्षी आम्ही आठवीच्या एका तुकडीपुरता प्रयोग करून पाहिला. पीटीच्या सरांनी सतरंज्या अंथरल्या आणि घड्याळ हातात घेतले. पहिली चाचणी, कोपरे आणि पायांची बोटे जमिनीवर टेकवून शरीर फळीसारखे सरळ धरणे. दुसरी, पालथे झोपून छाती उचलून धरणे. तिसरी, कुशीवर एका कोपराच्या आधाराने कंबर वर धरणे, आधी उजवीकडे मग डावीकडे. चौथी, हात कमरेवर ठेवून एका पायावर उभे राहणे, दोन्ही पायांवर आळीपाळीने. शरीराची ठेवण बिघडली, कंबर खाली आली किंवा दुखू लागले, की घड्याळ बंद.

निकालाने आम्हाला चकित केले. वर्गातला वेगवान गोलंदाज उजव्या कुशीवर सहज टिकला आणि डावीकडे लगेच कोसळला. सदा शेवटच्या बाकावर बसणारी, कधी न बोलणारी एक मुलगी एका पायावर दिव्यासारखी स्थिर उभी राहिली. नंतर कळले की पहाटे आईबरोबर फुले निवडून ती शाळेत येते. तिला त्या दिवशी वर्गाने टाळ्या दिल्या. आणि मुलांनी हट्ट केला म्हणून आम्हीही सतरंजीवर उतरलो. फळीसारखे धरायचे होते, आम्ही १२ सेकंदांत खाली! दोन वर्षांपूर्वी आम्हीही पाठदुखीने पंधरवडाभर अंथरुणाला खिळलो होतो, त्याचे उत्तर त्या १२ सेकंदांत मिळाले. मुले हसली. त्यांना हसू दिले. नंतर त्यांच्यातलाच एक जण रोज आठवणीने आम्हाला सेकंद विचारू लागला. परवा ३१ झाले.

पालकांनी या चाचण्यांकडे कसे पाहावे, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. १९८४ मध्ये डेन्मार्कमधील डॉक्टर बीरिंग-सोरेनसन यांच्या अभ्यासात असे दिसले, की ज्या पुरुषांच्या पाठीचे स्नायू जास्त वेळ टिकाव धरतात त्यांना पुढील वर्षभरात पहिल्यांदाच पाठदुखी होण्याचे प्रमाण कमी होते. परंतु पाठदुखीची कारणे अनेक असतात. झोप, चिंता, बसण्याची सवय, ओझे, हालचालीचा अभाव, या सर्वांचा त्यात वाटा असतो. तेव्हा चाचणीत कमी सेकंद आले म्हणजे पाठ दुखणारच, असा अर्थ काढू नये, आणि जास्त आले म्हणून निर्धास्तही राहू नये. चाचणी भविष्य सांगत नाही, सुरुवात कोठून करायची एवढे सांगते. नियमित व्यायामाने पाठदुखीचा धोका कमी होतो, याला मात्र आज चांगला आधार आहे. क्राउस-वेबर यांची पाय सरळ ठेवून उठून बसण्याची चाचणी आज शाळांत घेत नाहीत, कारण तिने कमरेवर ताण येतो. गुडघे दुमडून अर्धेच उठणे पुरेसे असते. ज्ञान पुढे जाते तशी परीक्षाही बदलावी, हेही स्वामीजींच्याच मार्गाला धरून आहे.

एखाद्या मुलाला रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल, पडल्यानंतर दुखत असेल, सोबत ताप असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाय बधिर होत असेल, तर चाचणी आणि व्यायाम दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे. दप्तराचेही वजन करावे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. म्हणजे ४० किलोच्या मुलाचे दप्तर ४ किलोच्या आत. स्वयंपाकघरातला किंवा किराणा दुकानातला काटा त्याला पुरतो.

अशी परीक्षा घेणारे आपण एकटे नाही. २०१९ पासून खेलो इंडिया योजनेत शाळांसाठी जी तंदुरुस्ती तपासणी आहे, तिच्यात पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी एका पायावर तोल सांभाळण्याची चाचणी आहे, आणि चौथीपासून पुढे पोटाच्या स्नायूंसाठी अर्धे उठण्याची व लवचिकतेसाठी बसून पुढे वाकण्याची चाचणी आहे. तेव्हा हे काम खर्चाचे नाही. सतरंजी, घड्याळ आणि वही एवढेच साहित्य लागते.

विश्वस्त मंडळापुढे म्हणून आम्ही तीन गोष्टी ठेवत आहोत. पहिली, पाचवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या या चार चाचण्या जुलै आणि जानेवारीत घ्याव्यात. दुसरी, दहावीसह कोणत्याही वर्गाचा पीटीचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. आम्ही मागितला तरी देऊ नये. तिसरी, निकालाची यादी फलकावर लावू नये. पहिला-दुसरा क्रमांक काढू नये. प्रत्येकाचे सेकंद त्याच्या वहीत राहावेत आणि जानेवारीत त्याने स्वतःच्याच जुलैशी तुलना करावी. ज्या मुलाचे ८ चे १५ झाले तो उत्तीर्ण, मग शेजारच्याचे ६० का असेनात.

दहावीच्या पालकांना याची काळजी वाटेल, हे आम्ही जाणतो. बोर्डाची परीक्षा एकदाच येते, हे खरे आहे. पण जी पाठ घेऊन मूल त्या परीक्षेला बसते, तीच घेऊन त्याला पुढची साठ-सत्तर वर्षे कार्यालयात, दुकानात, शेतात, स्वयंपाकघरात उभे राहायचे आहे. आठवड्याचे दोन तास त्यासाठी मागणे फार नाही.

स्वामी कुवलयानंदांनी योग्यांच्या पोटाला दाबमापक लावला तेव्हा त्यांना कोणाचाही अपमान करायचा नव्हता. ज्या विद्येवर प्रेम आहे तिची परीक्षा घेण्याचे भय त्यांना वाटले नाही, इतकेच. आपले आपल्या मुलांवर प्रेम आहे. तर मग येत्या जुलैपासून प्रगतिपुस्तकातील तो एक रकाना खरा भरू या.

सतरंज्या तयार आहेत. पालकांपैकी ज्यांना आमच्याबरोबर सतरंजीवर उतरायचे असेल, त्यांचेही स्वागत आहे. ३१ सेकंदांपुढे कोण जातो ते पाहू!